रिकाम्या खुर्चीची मुलाखत

तिला सगळे घुमी म्हणत. चार वर्षांची असताना आई गेली आणि त्यानंतर वर्षभर पोरीने तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती बोलायला लागली, पण कामापुरतं. शेजारणी म्हणायच्या, हिने मूग गिळलेत ते अजून पचायचेत.

अशी मुलगी विद्यापीठात टीव्हीचे कार्यक्रम करायला शिकतेय हे कळल्यावर आत्याच्या शिवणाच्या दुकानात बायकांनी पोटभर हसून घेतलं. घुमीला सांभाळलं, वाढवलं ते या आत्याने. ती हसली नाही. "बोलणाऱ्यांना ऐकणारं कुणी लागतंच की," म्हणाली आणि मशीन सुरू केली.

आत्याचं म्हणणं खरं ठरलं. वर्गातली बाकीची पोरं कॅमेऱ्यासमोर मिरवायला भांडायची. घुमी मुलाखती घ्यायची. ती असा काही कान द्यायची, की समोरचा माणूस न विचारलेलंही सांगून मोकळा व्हायचा.

स्टुडिओ तळघरात होता. काळे पडदे, पायात येणाऱ्या वायरी, आणि एका भिंतीत मोठी काच. काचेपलीकडे यंत्रांची खोली. धड चालणारा कॅमेरा एकच. म्हणून मुलाखतीची रीत ठरलेली होती. आधी कॅमेरा पाहुण्यावर लावायचा. पाहुणा बोलून घरी गेला, की कॅमेरा फिरवायचा, आणि मुलाखत घेणाऱ्याने रिकाम्या खुर्चीकडे बघत तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, मधूनमधून मान हलवायची. नंतर दोन्ही जोडलं, की बघणाऱ्याला वाटतं दोघं समोरासमोर बसलेत. सुरुवातीला हे करताना पोरांची हसून मुरकुंडी वळायची. सर ओरडायचे, "खुर्ची रिकामी आहे हे तुमच्या डोळ्यांत दिसता कामा नये! कुणीतरी बसलंय असं समजून ऐका." बाकीच्यांनी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. घुमीने मनावर घेतलं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका कष्टाळू माणसावर कार्यक्रम करायचा होता. घुमीने आत्याला निवडलं. वरवर पाहता विषय शिवणकामाचा. तिच्या मनात मात्र दुसरंच होतं. आई गेली तेव्हा वडील फिरतीवर होते, दवाखान्यात आत्या एकटीच होती. आई शेवटी काय बोलली हे सांगू शकेल असं माणूस जगात तेवढंच. आणि त्या माणसाला हे विचारलं, की नेमकं दूध उतू जायचं, नाहीतर दुकानात गिऱ्हाईक यायचं. घुमीला वाटलं, एकदा कॉलरला माइक लागला आणि तोंडावर दिवे आले, की आत्या पळणार कुठे?

आत्या ठेवणीतले कपडे घालून आली. छान बोलली. महागाच्या कापडाला पहिली कात्री लावताना अजून पोटात गोळा येतो म्हणाली. बायका कंबरेचं माप देताना श्वास कसा आत ओढतात ते तिने करून दाखवलं, आणि कॅमेरा चालवणारा लंबू इतका हसला की चित्र हललं. मग घुमीने विचारलं, "आई शेवटी काय म्हणाली?"

आत्याचं हसू मावळलं. तिने घुमीकडे पाहिलं नाही. ती त्या भिंतीतल्या काचेकडे बघत राहिली.

"ते मला काय विचारतेस?" एवढंच म्हणून तिने स्वतःच माइक काढला, खुर्चीच्या हाताला अडकवला आणि जिना चढून निघून गेली.

घुमीला रागही आला आणि रडूही. पण काम अर्धं राहिलं होतं. लंबूने कानाला हेडफोन लावून कॅमेरा फिरवला. तिने सगळे प्रश्न रिकाम्या खुर्चीला विचारले. शेवटचाही विचारला. दोनदा मान हलवली आणि उठली. निदान तिच्या आठवणीत तरी एवढंच होतं. लंबू न बोलता वायरी गुंडाळत राहिला. एरवी त्याचं तोंड बंद नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लंबूला घेऊन वरच्या मजल्यावर जोडकामाला बसली. शेवटचा प्रश्न आला. पडद्यावरच्या घुमीने दोनदा मान हलवली, आणि मग ती हलवतच राहिली. हनुवटी छातीला टेकवत, भराभर, लहान पोरं हलवतात तशी. नजर खुर्चीवर नव्हती. जरा खाली होती, कुणी आडवं पडलेलं असावं तशी. तिने चित्र थांबवलं.

"तू कॅमेरा बंद का नाही केलास?" तिने लंबूला विचारलं.

"कसा करणार? बोलणं चालू होतं ना."

"कुणाचं?"

"तुझ्या आत्याचं. परत आल्या होत्या ना त्या? माझा डोळा कॅमेऱ्याला होता, मी मागे बघितलं नाही." घुमीचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "हेडफोनमध्ये बाईचा आवाज होता. हळू. शब्द कळत नव्हते."

खुर्चीला अडकवलेल्या माइकचा आवाज दोघांनी लावून ऐकला. त्यात एसीची घरघर होती, दुसरं काही नाही.

घुमीने फोन केला. आत्या दुकान तसंच टाकून आली. पडद्यावरची ती मान हलवणारी घुमी बघितली आणि ती तिथल्या स्टुलावर बसली.

"अश्शीच," ती म्हणाली. "अश्शीच हलवत होतीस. दवाखान्यात तुझ्या आईने एकट्या तुला आत बोलावलं. मी बाहेर. काचेतून बघत होते. ती बोलत होती आणि तू मान हलवत होतीस. बाहेर आलीस ती मुकीच होऊन."

"मला यातलं काहीच आठवत नाही. मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला भीती वाटायची गं. थकवा येतो म्हणायची ती, तर मी तोंडावर म्हटलं होतं, कामाचा कंटाळा, सोंग करतेस. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. शेवटी माझ्याबद्दल काय सांगून गेली असेल, ते तुझ्या तोंडून ऐकायची छाती झाली नाही." आत्याने डोळे पुसले. "पुढे चालव."

घुमीने बटण दाबलं. पडद्यावर मान थांबली. ओठ हलले. आवाज तिचाच होता, पण बारीक, बोबडा.

"हो. आत्याला सांगते. लाग नाही म्हणून."

आत्याने पुन्हा लावायला सांगितलं नाही. ती उठली आणि जिना उतरून तळघरात गेली. घुमी मागोमाग धावली, पण स्टुडिओचं जड दार मिटलं होतं, आणि ते ढकलायला तिचा हात होईना. ती यंत्रांच्या खोलीत गेली.

काचेपलीकडे एकच दिवा होता. आत्या त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली होती. काचेतून आवाज येत नव्हता. आत्या काहीतरी बोलली, मग गप्प झाली. आणि मग हळूहळू मान हलवू लागली.