मंगळवार ते गुरुवार

सिनेमा माझ्या मुलीच्या अभ्यासाचा होता. ती युनिव्हर्सिटीत चित्रपट शिकते. त्याचा दिग्दर्शक पुढे रहस्यपटांसाठी जगभर गाजला. हा त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या मूकपटांपैकी एक. त्यात खून नाही, पाठलाग नाही. एका बेटावरचा गरीब कोळी, त्याचा लहानपणापासूनचा वकील मित्र आणि दोघांनाही आवडणारी एक मुलगी, एवढीच माणसं.

अम्मी तेव्हा रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. आमचा फ्लॅट अबू धाबीच्या अल रीम बेटावर, बाविसाव्या मजल्यावर. टीव्हीवरचं तिला काही कळत नसे, म्हणून ती खिडकीपाशी बसून खालचं पाणी बघायची. कुराण ती रोज वाचते. त्याखेरीज तिला वाचता येत नाही.

शनिवारी दुपारी जोहरच्या नमाजनंतर मुलीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. "दादी, कम सिट. यात कोणी बोलतच नाही. यू विल लाइक इट."

मधूनमधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. त्या मराठीत वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी अबू धाबीतल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. दुसऱ्याचा मजकूर तपासणं हाच माझा धंदा.

कोळी जाळं ओढू लागला तशी अम्मी हसली. "हा कसला मासे मारतो! जाळं बघ कसं धरलंय, ओली गोधडी धरल्यासारखं. आपल्या बंदरावर असता तर उपाशी मेला असता."

सिनेमातल्या मुलीच्या बापाने गरीब जावई नाकारला. कोळी कमवायला परदेशी निघाला आणि जाताना मित्राला सांगून गेला, हिच्याकडे लक्ष ठेव.

"म्हणजे गल्फला गेला," अम्मी म्हणाली.

"दादी, देअर वॉज नो गल्फ देन!"

"मग पोटासाठी गेला तरी कुठे?"

पुढे बेटावर बातमी आली. पाटी लागली. मी वाचलं, "तो तिकडे आजारी आहे."

"बाबा, दॅट्स रॉन्ग," मुलगी म्हणाली. "इट सेज ही इज डेड. मेला तो."

पाटी साधी होती, चुकायला जागा नव्हती. पण माझ्या तोंडून तेच आलं. आमच्याकडे परदेशात माणूस वारला की घरी 'गेला' असं पहिल्या फोनवर कोणी सांगत नाही. आधी आजारी, मग आयसीयूत, मग दुवा करा. इकडे कागदपत्रं पुरी होऊन मय्यत विमानात चढायची वेळ आली की मग खरं सांगतात.

अब्बा सात वर्षांपूर्वी दुबईत, रास अल खोरला वारले. ट्रकच्या गॅरेजमध्ये ते फोरमन होते. मंगळवारी सकाळी साडेनऊला, इंजिनाखालून बाहेर येता येता, हृदय बंद पडलं. अकरा वाजता मी गावी फोन केला आणि सांगितलं, आयसीयूत आहेत. बुधवारी सांगितलं, तसेच आहेत. गुरुवारी संध्याकाळी सगळे शिक्के मिळाले आणि मी सांगितलं, आत्ताच गेले. अम्मीने इद्दतीचे, विधवेने घरात बसायचे दिवस गुरुवारपासून मोजले. दर वर्षीची फातेहा ती गुरुवारच्याच तारखेला देते. मंगळवारची तारीख असलेला कागद माझ्या कपाटात होता. तो मी तिला कधीच दाखवला नव्हता.

सिनेमा चालू होता. मेलेला म्हणून सोडून दिलेला कोळी हसत हसत धक्क्यावर उतरला.

"थांबव ते," अम्मी म्हणाली. मुलीने थांबवलं.

"शेजारणीचा नवरा कुवेतला वारला, तेव्हा आजारी आहे असं तिला मीच सांगायला गेले होते. त्याला जाऊन तीन दिवस झाले होते. तिने मला चहा करून दिला, आणि तो मी प्याले." तिने माझ्याकडे बघितलं. "मग माझ्या वेळेला मला कसं नाही कळलं रे? तुझे अब्बा कधी गेले?"

"मंगळवारी," मी म्हणालो. "सकाळी."

"कागद असेल ना?"

मी तो आणला. अर्धा इंग्रजीत, अर्धा अरबीत होता. मी वाचायला लागलो तर तिने हात पुढे केला.

"तू नको वाचू."

चष्मा लावून तिने अरबी बाजूवर बोट ठेवलं. कुराण वाचते तसं, उजवीकडून, एकेक अक्षर. शब्दांचे अर्थ तिला लागत नव्हते. अब्बांचं नाव लागलं. तिथे बोट जरा थांबलं. मग खाली हिजरी तारीख आली. आयतींचे आकडे तिला येतात. तिने तो आकडा मोठ्याने म्हटला आणि बोटांवर गुरुवारपर्यंत दोन पेरं पुढे मोजली.

"व्हॉट हॅपन्ड, बाबा?" मुलीने विचारलं.

"बुधवारी मी रोजा धरला होता," अम्मी म्हणाली. "त्यांना बरं वाटावं म्हणून. संध्याकाळी खजूर तोंडात घातला आणि तुझा फोन आला. तू म्हणालास, तसेच आहेत."

"हो."

"मला वाटलं, रोजा कबूल झाला. रात्री मी त्यांचं पांघरूण धुवायला काढलं. घरी आणतील म्हणून."

कागद तिने घडीवर घडी करून स्वतःच्या कुराणाच्या कापडी गिलाफात ठेवला. पडद्यावर कोळी तसाच धक्क्यावर उभा होता, हात वर केलेला. मुलीने लॅपटॉप उचलला आणि उरलेला सिनेमा तिच्या खोलीत बघितला.