जिलबीच्या रंगाची शेवंती

आमची सून महेश्वरी अणदूरच्या सडकंवर ईरण्णाच्या हॉटेलात जिलबी तळती. दिवसभर कढईपुढं उभी. तिचा नवरा, म्हंजे माझा ल्योक शिवपुत्र, ट्रकवर. घरी आला की पाव्हणाच. संध्याकाळी महेश्वरी आली की आधी आपल्या पायांना इचारती, "हाय का रं अजून?"

तिची शिवानी पाचवीत. शाळंतल्या बाईंनी सांगितलं, पांढरं फूल रंगाच्या पाण्यात ठेवा. देठातून पाणी वर चढतं, पाकळ्या रंगतात. उद्या आणून दाखवा. बाकीच्या पोरींनी लाल-निळी शाई घेतली. आमच्या पोरीला पिवळंच पाहिजे, खंडोबाच्या गावची ना! देव्हाऱ्यातला भंडारा पेल्यात कालवून तिनं शेवंती उभी केली. म्या बी म्हणलं, मल्हारी चढवतोच रंग.

दिवस मावळला तरी फूल पांढरंफटक. भंडारा सगळा तळाला.

"आज्जी, देव रुसला का गं?"

"हळद पाण्यात विरघळंना, त्याला देव काय करील?"

तेवढ्यात महेश्वरी आली. भिंतीला टेकून पाय लांब केले. "बाईंना सांग, झालं न्हाय म्हणून."

"सगळ्यांचं रंगलेलं येईल. माझंच पांढरं!" पोरीनं गळा काढला.

"आत्याबाई, समजावा की हिला."

"तुझीच लेक हाय. तू कधी समजावून ऐकलंस?"

महेश्वरी जराशी हसली. मग म्हणाली, "जिलबीचा रंग विरघळतोय बघ." अन् परत चप्पल घातली.

"जाऊ नको गं, ईरण्णा तुला बघितलं की कढई पेटवील."

तसंच झालं. हॉटेलाच्या दारात बस थांबलेली, गिऱ्हाईक बसलेलं. "आलाच हाय महेश्वरीबाई, तर दोन घाणे काढून जावा." जेवणं झाली तवा ती कागदाच्या पुडीत रंग घेऊन आली. शिवानीनं रंग नव्या पाण्यात कालवला, देठ नव्यानं तिरका कापला, पेला खिडकीत ठेवला.

सकाळी पाकळ्यांच्या कडा पिवळ्याधमक.

"आई, चढलं!"

"लई छान," महेश्वरी डोळे मिटूनच.

"न बघताच?"

तिनं मग पेला हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. "माझ्या पायांचं दुखणं बी असंच वर चढतंय बघ. फुलाला निदान रंग तरी येतोय."

शिवानी दोन्ही हातांत पेला धरून शाळंला गेली. म्या तेल कोमट करून महेश्वरीच्या टाचा चोळायला घेतल्या, तर तिला परत डोळा लागला. हॉटेलाची वेळ झाली होती. म्या काय उठवली न्हाय.