कोचला पाठवलेलं ना-हरकत पत्र

रविवारी सकाळी सात वाजता फोन वाजला तेव्हा मी ऑफिसचे डबे भरत होते. अबुधाबीत तेव्हा सुट्टी शुक्रवारी असे आणि रविवार हा साधा कामाचा दिवस. फोनवर मुलगा होता, अमेरिकेच्या कॉलेजातून. तिकडे अजून शनिवारच चालू होता.

"आई, डिड यू फॅक्स माय कोच?"

"हो. पोचला का?" मी विचारलं. मला वाटलं, पोच द्यायला फोन केलाय.

मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तो इतक्या हळू बोलला की मला रिसीव्हर कानाशी दाबून धरावा लागला. कोचने तो फॅक्स मॅचआधी सगळ्या टीमसमोर वाचून दाखवला होता. आणि त्याला मॅचमध्ये न खेळवता बाहेर बसवलं होतं.

माझ्या हातात पोळी होती. ती मी डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं.

हे नीट कळायला थोडं मागचं सांगायला हवं. नवरा एका तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे इंजिनियर होता आणि मुलांची फी कंपनी भरायची, म्हणून मुलगा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत गेला. घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर, वाळूत, तो क्रिकेट खेळायचा. सीमेवरून त्याने फेकलेला चेंडू थेट यष्टीवर यायचा. शाळेतल्या पीटीच्या अमेरिकन सरांनी तो हात पाहिला आणि त्याच्या हातात दुसराच चेंडू दिला. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. त्यांचा फुटबॉल. त्यात पायाचं काम फारसं नसतं. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि बाकी सगळी ढकलाढकली.

मुलगा क्वार्टरबॅक झाला. म्हणजे दर वेळी चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि तो लांब फेकायचा, शेजारच्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेवढ्यात समोरून पाच-सहा धिप्पाड माणसं त्याला आडवा करायला येतात. मी पहिली मॅच पाहिली तेव्हा नवऱ्याला म्हटलं, "हा खेळ आहे की मारामारी?"

तो म्हणाला, "फी कंपनी भरतेय. बघ गुपचूप."

त्याच्या मॅचच्या व्हिडिओ कॅसेटी आम्ही अमेरिकेतल्या बावीस कॉलेजांना पाठवल्या. प्रत्येक कॅसेटवर लेबल, प्रत्येक पाकिटात पत्र, वहीत पाठवल्याची नोंद. एका कॉलेजने त्याला स्कॉलरशिप देऊन घेतलं. अबुधाबीतल्या मराठी मंडळात कुणाचा मुलगा मणिपालला, कुणाचा पुण्याला. आमचा काय करतो हे सांगताना मला उभं राहून हातवारे करावे लागत.

दुसऱ्या वर्षी त्याला घेणारा कोच गेला आणि नवा आला. नव्याला चेंडू फेकण्यात रस नव्हता. घ्या आणि पळा, एवढंच. मुलगा पहिल्या अकरात होता, सलग तीन मॅच पहिल्या चेंडूपासून तोच खेळला होता, पण फेकायला मिळत नव्हतं. ऑक्टोबरात तो फोनवर म्हणाला, "मला ट्रान्सफर घ्यायचीय, दुसऱ्या कॉलेजात. सीझन संपला की कोचकडे रिलीज मागेन. तोपर्यंत कुणाला सांगू नका, ओके?" तो बोलायचा सगळं इंग्रजीतच, मी इथे बरंचसं मराठीत लिहितेय.

"रिलीज मिळायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"डिपेंड्स ऑन द कोच."

"बॅन असतो का?"

तो हसला. "काइंड ऑफ. एक वर्ष मॅच खेळता येत नाही. पण रिलीज असलं तर नवं कॉलेज स्कॉलरशिप तरी देऊ शकतं. आणि रिलीज नसेल तर ते माझ्याशी बोलूसुद्धा शकत नाही."

हे ऐकून मला हायसं वाटलं. कारण हे सगळं मला येत होतं. रिलीज, बॅन, ट्रान्सफर हे माझ्या रोजच्या कामातले शब्द होते. मी मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टाफची कागदपत्रं सांभाळायचे. त्या काळी अमिरातीत नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागे. सगळे त्याला एनओसी म्हणत, नाहीतर नुसतं 'रिलीज'. ते न घेता गेलात तर बॅन बसायचा, सहा महिने, कधी वर्ष. एनओसीशिवाय तिथे पानही हलत नसे. ड्रायव्हिंग लायसनला एनओसी, बायकोच्या नोकरीला नवऱ्याचं एनओसी, मुलाच्या शाळेच्या सहलीला बापाचं एनओसी. आणि अनुभव असा की कागद आधी गेला की काम आधी होतं. शेवटपर्यंत थांबलेल्या माणसाची फाइल तळाशी जाते.

म्हणून मी मजकूर केला. आम्ही खाली सही करणारे आईवडील, आमच्या मुलाने कोणत्याही अन्य कॉलेजात ट्रान्सफर घेण्यास आमची हरकत नाही, तरी कृपया लवकरात लवकर रिलीज देण्याची व्यवस्था करावी. दोघांचे पासपोर्ट नंबर. नवऱ्यापुढे सहीला ठेवला.

"त्याने पाठवायला सांगितलंय?" नवऱ्याने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? लागणारच आहे."

"कुणाला सांगू नका म्हणाला होता."

"अरे, कुणाला म्हणजे लोकांना. कोच काय लोक आहे? रिलीज त्यालाच द्यायचंय ना?"

त्याने सही केली. शनिवारी सकाळी आठ वाजता, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी ऑफिसातून फॅक्स लावला. कागदावर शिक्का नाही याची मला जरा चुटपुट लागली, एवढंच.

माझा शनिवार म्हणजे तिथली शुक्रवारची रात्र. फॅक्स ट्रेमध्ये पडून राहिला. शनिवारी सकाळी कोच आला आणि त्याने तो उचलला. अमेरिकेत कॉलेजच्या मॅच शनिवारी असतात. मला हे माहीत होतं. सगळ्या मॅचच्या तारखा फ्रिजवर लावलेल्या होत्या. तरीही फॅक्स लावताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

रविवारच्या त्या फोनवर मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो म्हणाला, "ते मला आता 'नो ऑब्जेक्शन' म्हणतात. बसमध्ये पाणी मागितलं तर म्हणे, थांब, मम्मीचं लेटर आण. आई, व्हाय वुड यू डू दॅट?"

मी म्हटलं, "लागतंच ना रे ते."

"इथे नाही लागत," तो म्हणाला. "इथे कुणालाच नाही लागत."

ऑफिसात आमचा मंदूब बसायचा. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करून आणणारा माणूस. हा केरळचा होता, वीस वर्षं लेबर ऑफिसच्या खिडक्यांवर उभा राहिलेला. माझा चेहरा बघून त्याने विचारलं काय झालं. मी सांगितलं.

"बॅन कितने का लगेगा, मॅडम?"

"एक साल."

"एक साल?" तो खुर्चीवरून उठलाच. "क्या किया लडके ने, कफील को मारा?" कफील म्हणजे तिथला व्हिसा देणारा मालक.

"लडके ने कुछ नहीं किया. मैंने किया."

तो परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "कागज से नहीं होगा अब. सामने जाके बैठना पडेगा. चाय पीओ, सॉरी बोलो. बडा आदमी है, छोड देगा, इन्शाल्ला."

अमेरिकेला जाऊन चहा पिणं शक्य नव्हतं. त्याच संध्याकाळी मी कोचला फोन केला. बोलायचे पाच मुद्दे कागदावर काढले होते: चूक माझी, मुलाला माहीत नव्हतं, आमच्याकडची पद्धत वेगळी, त्याला खेळवा, रिलीजचं नंतर बघा. कोच फोनवर आला. आवाज नम्र होता, प्रत्येक वाक्यात मॅम. त्याने मला पाचही मुद्दे बोलू दिले.

मग म्हणाला, "मॅम, तो जाणार म्हणून मी त्याला बसवला नाही. मुलं जातात. पण तो जाणार हे मला त्याने सांगितलं नाही, त्याच्या आईने सांगितलं."

"त्याने मला पाठवायला सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"ते मला मान्य आहे. मग तुम्ही का पाठवलंत?"

मी कागदावरचे पाच मुद्दे पुन्हा वाचले. वीस वर्षांच्या मुलासाठी माझी परवानगी कुणीही मागितली नव्हती. आमच्या व्हिसावर आहे म्हणून? तो तेव्हा आमच्या व्हिसावर तरी होता का, हेही मला त्या क्षणी आठवेना.

कोच पुढे म्हणाला, "मैदानात दहा जण त्याच्या तोंडाकडे बघतात. तो बोलेल तसं करतात. काल सकाळपासून ते त्याच्याकडे बघतात तेव्हा त्यांना तुमचा कागद दिसतो. मी त्याला कसा खेळवू?"

"तो तुम्हीच वाचून दाखवलात," मी म्हटलं.

"येस, मॅम," तो म्हणाला. "दाखवला."

सॉरी नाही, सारवासारव नाही. मी थँक यू म्हणून फोन ठेवला. आपण थँक यू का म्हणालो हे कळेना. इतक्या वर्षांत अरबी, इंग्रज, मद्रासी, सगळ्या प्रकारचे मॅनेजर मी हाताळले होते. हा त्यांतल्या कुणासारखा नव्हता.

उरलेल्या मॅचना मुलगा बाकावर होता. सीझन संपला, रिलीज मिळालं. डिसेंबरात सुट्टीला घरी आला तेव्हा त्याने तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. एका पानाचा होता. या विद्यार्थ्यास पुढील नऊ कॉलेजे वगळून अन्यत्र जाण्यास परवानगी आहे. खाली नऊ नावं. त्याला जिथे जायचं होतं ते कॉलेज दुसऱ्या ओळीवर होतं.

"हे असं करता येतं?" नवऱ्याने विचारलं.

"कोचला येतं."

"त्याला कसं कळलं तुला कुठे जायचंय?"

"अंदाज. फेकणाऱ्यांना घेतात अशी जवळची नऊ कॉलेजं त्याने लिहिली."

मी म्हटलं, "आपण अपील करू. मी एक मसुदा—"

"आई, नो. प्लीज. खलास."

त्याने कागद उचलला, आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्या सुट्टीत त्याने सगळे फोन तिथूनच केले. मी चहा घेऊन गेले की बोलणं थांबायचं. जुन्याच कॉलेजात राहिला असता तर बाक आणि स्कॉलरशिप दोन्ही होतं. यादीबाहेरचं एखादं छोटं कॉलेज होतं. तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या ओळीवरच्या कॉलेजात स्कॉलरशिपशिवाय जायचं आणि वर्षभर एकही मॅच खेळायची नाही. त्याने तिसरा घेतला. आम्हाला कळलं ते जाण्याच्या आदल्या दिवशी, सूटकेस भरताना. "आय हॅव साइन्ड," तो म्हणाला. कुणाची सही लागते का असं मी विचारणार होते. विचारलं नाही.

फीची व्यवस्था नवऱ्याने केली. त्याबद्दल घरात एकदाही बोलणं झालं नाही.

ते वर्ष मुलाने टीमबरोबर रोज सराव केला आणि मॅचच्या दिवशी शर्ट-पँट घालून मैदानाच्या कडेला उभा राहिला. त्याच वर्षी, आमच्या मुलाला देता न आलेल्या स्कॉलरशिपवर, तिथे एक नवा क्वार्टरबॅक आला, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. वर्ष संपून आमचा मुलगा खेळायला मोकळा झाला तेव्हा त्याची जागा भरलेली होती.

शेवटच्या वर्षी आम्ही त्याची मॅच बघायला गेलो. तोवर सन दोन हजार उलटलं होतं. थंडी, बँड, लाल कपड्यांतली हजारो माणसं. मी दुर्बीण नेली होती. पहिला तास तो हेल्मेट हातात धरून उभा होता. मग त्याच्या टीमला किक मारायची होती आणि तो धावत आत गेला. मी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. मुलगा गुडघा टेकून बसला, आलेला चेंडू झेलला, जमिनीवर उभा केला आणि वरून एका बोटाने धरला. दुसरा मुलगा पळत आला, त्याने लाथ मारली, चेंडू खांबांमधून गेला. सगळे किक मारणाऱ्याच्या अंगावर पडले. आमचा उठला आणि परत कडेला आला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," नवरा म्हणाला. "तो चेंडू धरायला असतो."

दिवसभरात तो असा चारदा आत गेला. फेकला एकदाही नाही.

मॅच संपल्यावर आम्ही तिघं एका हॉटेलात जेवायला गेलो. नवरा हात धुवायला उठला. गेली दोन वर्षं मी एक प्रश्न विचारायचा टाळत होते. तो मी तेव्हा विचारला.

"मी तो फॅक्स पाठवला नसता, तर आज चेंडू तू फेकला असतास?"

तो बटाटे खात होता. त्याने तोंडातला घास संपवला. नाही गं आई, असं काही नसतं, हे मी ऐकायला बसले होते. तेवढं तो नक्की म्हणेल, अशी माझी खात्री होती.

"हो," तो म्हणाला.

पुढे एखादं 'पण' येईल म्हणून मी थांबले. तो पाणी प्यायला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "बाबांना बिल मागायला सांग. टीमची बस नऊला आहे."