चूक लिव्हरची

गेनूभाऊ मोबाइलचं कुठलंही बटण दाबण्याआधी आपण काय करणार आहोत ते मोठ्यानं सांगत. "सखूला फोन लावतोय!" असं जाहीर करायचं, बोट हवेत धरायचं, कुणाची हरकत नाही ना ते बघायचं आणि मगच टेकवायचं. लोणावळ्याच्या बाजारात ते असे ओरडले की पर्यटक दचकत. भाजीवाल्या मावशी मात्र मान वर न करता म्हणत, "लावा, भाऊ."

ही सवय रेल्वेची. भाऊ मूळचे आंदर मावळातले, पण सगळी नोकरी घाटाच्या तोंडाशी, सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हरमन म्हणून गेली. तिथं छातीएवढ्या उंचीचे लोखंडी लिव्हर रांगेनं उभे असत. लाल सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा कुलपाचा. स्टेशनमास्तरचा निरोप आला की तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच हात घालायचा. रूळ जोडणारा सांधा नीट बसला नसेल तर सिग्नलचा लिव्हर कितीही ओढा, हलत नसे. खालची लोखंडी कुलपं त्याला धरून ठेवत. भाऊंची सगळी विचारसरणी त्या कुलपांतून आली होती. "मानूस चुकनारच," ते म्हणत. "झोप आसंल, घरी कोन आजारी आसंल. पर नगं तो लिव्हर हललाच, तर चूक मान्साची न्हाई. लिव्हरची."

भाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. मोबाइलवर जरा काही अडलं की "मलाच जमत नाही" म्हणणारी चांगली शिकलेली माणसं भेटतात, तेव्हा मला त्यांचं हे वाक्य ओरडून सांगावंसं वाटतं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा चिक्कीच्या दुकानावरच्या एका खोलीत काम करत होते. मावळातली घरं सुटीच्या दिवशी पाहुण्यांना राहायला देणारं आमचं एक ॲप होतं, आणि त्यातल्या बटणांवरचे शब्द मी लिहायचे. माझे वडील कामगारांची पत्रकं काढत. पांढऱ्यावर काळं, ठळक, आणि म्हणायचं ते पहिल्या ओळीत, एवढंच लिहिणं मला ठाऊक होतं. मालक आणि डिझायनर दोन्ही असलेल्या केदारसरांना माझे शब्द नकोसेच होते. "आजकाल स्क्रीन मोकळी ठेवायची असते गं," ते म्हणत, आणि माझं एकेक बटण उडवून तिथं चिन्ह ठेवत.

एके दिवशी भाऊ जिना चढून आले. "मोबाइलातली घरं हितं कोन बगतं? माज्या भनीचं घर काडून टाकलंय."

केदारसरांनी तपासलं. "काका, त्यांनी लागोपाठ तीन बुकिंग नाकारली. तीन नाकारली की घर आपोआप यादीतून जातं."

"तिनं न्हाई नाकारली."

"इथं दिसतंय ना. युजरची चूक आहे."

"युजर कोन?"

"म्हणजे वापरणारी व्यक्ती. तुमची बहीण."

"मंग नावानं बोला की. सखूबाई नाव हाय तिचं." भाऊ खुर्चीत बसले. "सायेब, घर गेलं तर गेलं. पर ती म्हनती, 'दादा, माजाच हात अडानी, ह्यो फोन परत घिऊन जा.' सा महिनं लागलं मला तिला फोन शिकवाया. तीन दिवसांत तुमी तिला अडानी केली."

केदारसरांनी "बघतो" म्हटलं. त्या शब्दाचा अर्थ भाऊंना सरकारी नोकरीमुळे चांगला ठाऊक होता. ते दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. माझ्या शेजारी बसून आमची नवी कामं पाहू लागले आणि माझं ऑफिसात मन लागू लागलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा पाहून ते म्हणाले, "ह्ये काय? रूळ?"

"भाऊ, त्यात यादी असते. दाबली की उघडते."

"आन न दाबनाऱ्याला कसं कळायचं? आमी केबिनीत लिव्हर कपाटात लपवून ठिवत न्हवतो."

तेव्हा ॲपांत सगळीकडे काचेसारख्या, आरपार दिसणाऱ्या पट्ट्यांची लाट आली होती. केदारसरांनी आमची पट्टीही तशी केली, मागं डोंगराचा फोटो आणि वर फिकट अक्षरं. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "घाटात धुकं आलं की आमी रुळावर फटाकं लावायचो, डायवरला सिग्नल दिसत न्हाई म्हनून. तुमी तर धुकंच इकाया काडलंय!" एका दुकानाच्या ॲपमध्ये नकार द्यायचं बटण होतं, 'नको, मला चांगल्या गोष्टी आवडत नाहीत.' ते मी वाचून दाखवलं तर भाऊ खवळले. "ह्ये बटान न्हाई, टोमना हाय!" काळ्यावर पांढरी अक्षरं असलेली स्क्रीन तेवढी त्यांना पसंत पडली. डोळ्याला गार वाटती, म्हणाले.

शेवटी मीच म्हटलं, सखूमावशींच्या घरी जाऊन बघू. एसटी दिवसातून दोनदा, आमची चुकली. मग दोन तास चाललो. भाऊ पुढं आणि मी धापा टाकत मागं. मावशींचं घर सारवून लख्ख होतं. पाहुण्यांसाठी घेतलेल्या नव्या चादरी खाटेवर घडी करून ठेवलेल्या, न वापरलेल्या. मावशी माझ्याशी बोलेनात. "माजं चुकलं बाई," एवढंच म्हणाल्या आणि चुलीपुढं बसल्या. चाचणीपुरतं त्यांचं घर मी चालू करून घेतलं होतं. अंगणात रेंज मिळाली तशी एक खोटी बुकिंग पाठवली.

मावशी तांदळाच्या भाकरी थापत होत्या. फोन वाजला. पिठाच्या हातानं त्यांनी तो कोनाड्यातून उचलला. स्क्रीनवर पीठ, काही दिसेना. म्हणून त्यांनी पदर घेऊन ती उजवीकडून डावीकडं स्वच्छ पुसली. मग फोन डोळ्यांजवळ नेला. स्क्रीन मोकळी होती.

"बगा," त्या म्हणाल्या. "येतंय आन जातंय. मी हातसुदीक लावला न्हाई."

आमच्या ॲपमध्ये बुकिंग स्वीकारायला बोट उजवीकडं सरकवायचं आणि नाकारायला डावीकडं. 'हो' आणि 'नको' ही माझी दोन बटणं केदारसरांनी जुनाट म्हणून काढली होती. सरकवणं ही आजची रीत, ती लहान मुलालाही कळते, असं ते म्हणत. मावशी आयुष्यभर वस्तू हातात घेण्याआधी पुसत आल्या होत्या आणि आमचं ॲप ते पुसणं म्हणजे नकार समजत होतं.

परत आल्यावर मी केदारसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एका घरासाठी आख्खी रचना बदलायची का? त्यांना शिकवा, पुसू नका म्हणून." माझ्या तोंडात आख्खं पत्रक आलं होतं. भाऊंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्टीलचा डबा घेऊन आले. "सायेब, सखूनं धाडलंय. वढ्यातल्या खेकड्याचा रस्सा. गरम हाय तवर घ्या." पुण्याच्या माणसाला ओढ्यातला खेकडा म्हणजे काय, हे मावळात राहून कळतं. केदारसर बाह्या सरसावून बसले. खेकडा एका हातानं खाता येत नाही. त्यांची दहाही बोटं रश्श्यात बुडाली, एक नांगी त्यांनी दातांनी फोडली आणि रश्श्याचे थेंब टेबलावरच्या फोनवर उडाले. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. केदारसरांच्या फोनवर चाचणीसाठी एक खोटं घर नोंदलेलं असे, त्याला मी माझ्या यंत्रावरून बुकिंग पाठवली.

"सायेब, पाव्हनं आलं!"

केदारसरांनी घाईनं कागदी रुमाल ओढला आणि फोन झटकन पुसला. पाहुणे डावीकडून निघून गेले.

भाऊ अतिशय प्रेमळपणे म्हणाले, "युजरची चूक."

केदारसर आधी लाल झाले, मग हसत सुटले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. माणूस वाईट नव्हता. त्याच आठवड्यात 'हो' आणि 'नको' ही दोन बटणं परत आली, लांब लांब, एक वर आणि एक खाली. 'नको' दाबलं की ॲप आता पाहुण्यांचं नाव सांगून पुन्हा विचारू लागलं. ती मागणी भाऊंची.

पण भाऊ उठेनात. "आन सखूला काय सांगनार?"

मी निरोप लिहून दाखवला: 'तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"ह्ये मी सगळी नोकरी ठेसनाच्या भोंग्यावर ऐकलं, पोरी," भाऊ म्हणाले. "खेद हाय, खेद हाय. खेद झालेला मानूस एक दिसला न्हाई. आन तू म्हनं पत्रकवाल्याची लेक."

मला खरंच लाज वाटली. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'सखूबाई, तुमचं काही चुकलं नाही. आमचं चुकलं.' केदारसरांनी ती ओळ वाचली. असं कुठलंच ॲप लिहीत नाही, म्हणाले. मग त्यांनी स्वतःच ती पाठवली.

तासाभरानं भाऊंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला.

"दादा, ह्यात काय आलंय." मावशी अडखळत वाचू लागल्या. "स-खू-बाई, तु-मचं का-ही चु-कलं ना-ही." पुढची ओळही त्यांनी वाचली. मग पहिली पुन्हा वाचली. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"मंग ऱ्हाऊ दे ह्यो फोन हितंच," त्या म्हणाल्या. "आन सायबांना सांग, खेकडं पायजे तर धाडते."

केदारसर भारावले होते. त्यांनी लगेच यंत्र पुढं ओढलं. "काका, मावशींचं घर यादीत सगळ्यांत वर टाकतो. पहिलं!"

भाऊंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"वर नगं, सायेब. हुतं तितंच ठिवा. तिची जागा तेवडी परत द्या."