साळवेसरांची रांग

निवृत्ती साळवे हा माणूस आयुष्यभर कुजबुजत बोलला. ग्रंथालयात सगळेच ग्रंथपाल हळू बोलतात, त्यात नवल नाही. पण साळवेसर भाजीबाजारात कुजबुजत, लग्नाच्या बँडसमोर कुजबुजत, साखर कारखान्याच्या भोंग्याखाली उभे राहूनसुद्धा कुजबुजत. एकदा एसटीत त्यांनी आपल्या गावचं, कळंबचं तिकीट इतक्या हळू मागितलं की कंडक्टरला पत्ताच लागला नाही. दुसऱ्यांदा मागायचा यांना संकोच वाटला, म्हणून थेट इंदापूर बघून आले. लोक सोलापूर म्हणतात, पण उगाच वाढवून सांगायची मला सवय नाही.

मी त्यांच्या उलट. आमचं गाव अंथुर्णे. मी तिथं खोकलो तर कळंबची कुत्री उठून बसतात. बारामतीच्या आमच्या कॉलेजात मी हेडक्लार्क होतो आणि माझी खोली ग्रंथालयाला लागून होती, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. मी फोनवर बोलायला लागलो की पलीकडे पोरांच्या हातातली पुस्तकं आपोआप मिटत. मग भिंतीवर एक टिचकी वाजे. एकच. ज्याला जन्मदाता बाप, लग्नाची बायको आणि बदलून बदलून आलेले प्राचार्य गप्प करू शकले नाहीत, तो मी त्या टिचकीनं गप्प बसे.

शतक संपायला थोडीच वर्षं उरली असताना ग्रंथालयात संगणक आला आणि त्याच्या मागोमाग इंटरनेट. पूजा प्राचार्यांनी केली, नारळ अध्यक्षांनी फोडला, पेढे मी खाल्ले आणि यंत्र साळवेसरांच्या अंगावर पडलं. त्यांनी त्याला पुस्तकासारखंच दाखल करून घेतलं. पाठीवर दाखल क्रमांक चिकटवला, ग्रंथालयाचा शिक्का मारला, खाकी कव्हर शिवून घातलं. पुण्याला फोन लावून मोडेम जोडला की खोलीत असा काही आवाज उठे की वाटे, पिठाच्या गिरणीत मांजरांची पंगत बसली आहे. त्या आवाजानं पणदऱ्याच्या म्हशी पान्हा चोरतात, अशी तक्रार माझ्याकडे आली होती. तोंडी आली होती, म्हणून पुरावा नाही.

शिकवायला कोणी नव्हतं. एक इंग्रजी पुस्तिका, तीही झेरॉक्स केलेली, आणि एका बोटानं चालणारी टंकलेखनाची विद्या, एवढ्यावर सरांचे प्रयोग सुरू झाले. एकच प्रश्न दहा तऱ्हांनी टाकून बघायचा, कुठला शब्द काढला की काय येतं, कुठला घातला की काय गळतं, हे ताडायचं. महिनाभरानं एके दिवशी मला भिंतीपलीकडून टिचकी आली. मी तर गप्पच बसलो होतो, म्हणून बघायला गेलो.

"बापूराव," ते कुजबुजले, "याला प्रश्न विचारायचा न्हाय."

"मग काय, पाया पडायचं?"

"आपलं उत्तर कुठल्या तरी पानावर लिहून पडलेलं हाय. त्या पानावर कुठले शब्द असतील, ते आपण ओळखायचे आणि तेवढेच टाकायचे. मग ते पान ओ देतं."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मलाही क्षणभर हळू बोलावंसं वाटलं. क्षणभरच.

त्यांचा दुसरा नियम साक्षीदारांचा. वेगवेगळ्या तीन ठिकाणी एकच गोष्ट सापडल्याशिवाय ते उत्तर कोणाला देत नसत. "एकटा साक्षीदार कोर्टात चालत न्हाय, हितं कसा चालंल?" आणि तिसरा नियम रांगेचा. फोनची लाइन कॉलेजला एकच, त्यामुळे इंटरनेटला दुपारी चारनंतरचा अर्धा तास मिळे, आणि त्यातला निम्मा वेळ पुण्याचा नंबर लागण्यात जाई. सरांनी पुस्तकांची कार्डं ठेवायच्या तालिकेचा एक लाकडी खण रिकामा केला. ज्याला काही शोधून हवं असेल त्यानं चिठ्ठीवर लिहून, नंबर घालून, खणात मागच्या बाजूला ठेवायचं. सर पुढची चिठ्ठी उचलणार. पोरं, मास्तर, गावचे बागायतदार, सगळ्यांना हाच एक खण.

बातमी पसरली आणि खण भरला. कोणाला डाळिंबावरचा डाग, कोणाला जर्मनीतल्या कंपनीचा पत्ता, आणि एकाला जगातली सगळ्यांत लांब मिशी कोणाची, हे हवं होतं. प्राचार्यांनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली, भाच्याच्या परदेशी कॉलेजाबद्दल, खाली लाल शाईनं 'ताबडतोब'. सरांनी ती मागं ठेवली. तेव्हा साहेब स्वतः आले.

"साळवे, चिठ्ठी माझी आहे."

"होय साहेब. मिळाली."

"मग?"

"आपल्यापुढं मिशीवाले आहेत."

साहेब गेले. पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. मी माझ्या खोलीत जाऊन हसलो, तर म्हणे भिगवण रस्त्यावर एक ट्रक थांबला.

पण नंतर मी त्यांना विचारलं की, अहो सर, साहेबाशी कशाला वाकडं घेता. ते बराच वेळ खणातल्या चिठ्ठ्या सारख्या करत राहिले.

"आमची आई कळंबात विहिरीवर जायची. तिला कुणी मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय. नुसतं थांबवायचे. समद्या बाया यायच्या, भरून जायच्या, आन् ती हंडा घिऊन बाजूला. कुणी वरून ओतलं तर पाणी. मागं, अगदी शेवटी उभं राहायला मिळालं असतं ना बापूराव, तर ती हसत उभी राहिली असती. तिला रांगच न्हवती."

त्यानंतर साहेबांच्या चिठ्ठीचा विषय मी कधी काढला नाही.

वर्षातून एकदाच साळवेसर मोठ्यानं बोलत. एप्रिलात जयंतीच्या सकाळी कळंबच्या विहारात वंदना तेच सांगत, मागून सगळे म्हणत. मी दरवर्षी जायचो. जेवायला, असं बायको म्हणते. पांढरा सदरा घालून हा कुजबुजणारा माणूस उभा राही, आणि त्याच्या गळ्यातून असा खोल, भरलेला आवाज निघे की माझा आवाज त्याच्यापुढं पत्र्याचा डबा. त्यांची आई असेपर्यंत पुढं बसे. सर मला एकदा म्हणाले होते, "वर्षभर साठवतो, बापूराव. तिथं खर्च करायला."

त्या वर्षी तो आवाज मध्येच फाटला. लोकांनी माइकवाल्याला शिव्या घातल्या. सरांनी कसंबसं पुरं केलं. वर्षभर कुजबुजणाऱ्या माणसाचा घसा बसलाय, हे कोणाच्या कसं लक्षात यावं? त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्यासुद्धा आलं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरनं आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, कर्करोगाची आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

दुसऱ्या दिवशी सर कामावर हजर. मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आवाज ठेवून गाठ जाळता येती का, ते बघायचंय. मग सही करीन."

"मग बघा की! चार वाजलेत!"

त्यांनी चिठ्ठी लिहिली, नंबर घातला आणि खणात सगळ्यांत मागं ठेवली.

मी जे ओरडलो, ते बारामती स्टँडवर ऐकू गेलं. "अहो, हा गळा हाय का गंमत? मरायची पाळी आलीय आन् तुमी मिशीवाल्याच्या मागं उभं राहता?" सगळं ग्रंथालय माना वर करून बघायला लागलं. सरांना काय झालंय, हे कॉलेजला असं कळलं. त्यांनी टेबलावर एक टिचकी मारली आणि पुढची चिठ्ठी उचलली.

दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "त्याला काय विचारायचं, ते तरी आधी कळू द्या." मग मी माझ्या मार्गानं गेलो. सर जेवायला गेलेले बघून त्यांची चिठ्ठी खणात सगळ्यांत पुढं सरकवली. चार वाजता त्यांचं बोट चिठ्ठीवर थांबलं.

"बापूराव."

"उंदरानं केलं असंल."

"आपल्या उंदराला नंबर वाचता येत न्हाईत." ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "आज माझ्यासाठी केलंत, उद्या साहेबासाठी कराल. मग परवा कुणी हंडा घिऊन आली, की तिला म्हणाल, बाई, बाजूला हो." आणि चिठ्ठी तिच्या जागी परत गेली. मिशीवाल्याला मी गाठून दम दिला, त्यानं आपली चिठ्ठी काढून घेतली. एक नंबर कमी झाला. पुढं डाळिंबवाले होते, द्राक्षवाले होते, परीक्षेची पोरं होती. सर माझ्यावर नजर ठेवून होते.

त्यात पाइपलाइनसाठी रस्ता खोदला आणि फोनची तार तुटली. लाइनमन रोज 'आलोच' म्हणे. मी त्या दिवसांत चालत निघालो असतो तर अमेरिकेतून उत्तर घेऊन परत आलो असतो, आणि येताना कळंबला जेवलोही असतो. सर रोज चार वाजता यंत्रासमोर बसत, रिसीव्हर कानाला लावत, खाली ठेवत. गळ्याला मफलर आला. घास गिळताना मान वाकडी व्हायला लागली.

शेवटी लाइन आली आणि एका दुपारी त्यांचा नंबर लागला. मी शेजारी बसलो. त्यांनी सहा शब्द टाकले, दोन काढले, एक बदलला. पान वरून खाली इंचाइंचानं उतरत होतं. पहिला साक्षीदार मिळाला, दुसरा मिळाला. तिसऱ्याच्या वेळी लाइन तुटली, पुन्हा लावली. तिघांचं म्हणणं एकच: गाठ लहान असेल, लवकर सापडली असेल, तर किरणांचे शेक देऊन जाळता येते आणि आवाज राहतो. सरांनी छापून घेतलं. कागदाला हात लावायच्या आधी त्यांनी हात पँटला पुसले.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरनं तो कागद नीट वाचला. भला माणूस होता. त्यानं गळा तपासला, पुन्हा कागद बघितला आणि म्हणाला, "तुम्ही शोधलंत ते अगदी बरोबर आहे. पण हा कागद दोन महिन्यांपूर्वीच्या गळ्याचा आहे."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मला बोलता येईना. हे लिहून ठेवा, कारण हे पुन्हा घडणार नाही. सर मफलर सारखा करत म्हणाले, "तिन्ही साक्षीदार खरं बोलले, बापूराव. पद्धत बरोबर हाय." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं लांब वाक्य तेच.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. बरे होऊन ते कामावर आले, तोवर खण उतू गेला होता. त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली. माझ्यासाठी भिंतीवरची टिचकी तेवढी उरली होती.

पुढच्या एप्रिलात कळंबच्या विहारात माणसं जमली. सर पांढरा सदरा घालून माइकसमोर उभे राहिले, सवयीनंच राहिले असावेत. कोणी त्यांना बस म्हणेना, कोणी दुसऱ्याला सुरू कर म्हणेना. मग सरांनी माइकवर एक टिचकी मारली. ती चारही कर्ण्यांतून गावभर गेली. आणि सगळा विहार एका आवाजात वंदना म्हणायला लागला. सरांचे ओठ हलत होते. फडक्याआडून नुसती हवा येत होती.

दिवाळीच्या आधी दुखणं उलटलं आणि ते गेले.

ग्रंथालयात दुसरं कोणी आलं नव्हतं. शेजारी बसून बसून मला थोडं जमायला लागलं होतं, म्हणून चारनंतर मीच यंत्रापुढं बसू लागलो. एके दिवशी प्राचार्य चिठ्ठी घेऊन आले. "बापू, आता ते रांगेचं बस्स झालं. हे आधी बघ."

दारात पणदऱ्याची एक बाई उभी होती. डोईवर पदर, हातात पिशवी. खणात सगळ्यांत पुढं तिची चिठ्ठी होती, सरांनीच तिला लिहून देऊन नंबर घातलेली: म्हशीची कास दगडासारखी झालीय, उपाय काय.

"म्हस कशी हाय?" मी विचारलं.

"म्हस गेली की." मग पिशवी सावरत म्हणाली, "म्हस गेली म्हणून नंबर गेला का, आबा? नंबर माझाच हाय न्हवं?"

साहेबांनी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली. मी अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं काही बोलायला तोंड उघडलं, आणि कुजबुजच बाहेर आली.

"साहेब, बाईंच्या मागं."

पुण्याचा नंबर लागला. मी मेलेल्या म्हशीच्या आजाराचे शब्द एकेक करून टाकायला लागलो. बाई खुर्चीच्या टोकावर बसून पडद्याकडे बघत होती. साहेब मागं उभे होते.