आरोपी माझ्या ओळखीचा आहे

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीला तर मी माझ्या साड्यांच्या खऱ्या किमतीसुद्धा सांगते. तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात, म्हणून असेल.

माझं एका गोष्टीसाठी फार कौतुक झालं. अजून होतं. मी न्यायाधीश असताना एक जामिनाचा अर्ज माझ्यापुढे आला आणि आरोपी ओळखीचा आहे म्हणून मी तो ऐकायला नकार दिला. 'ओळखीच्या माणसाचं प्रकरण मॅडमनी हातातसुद्धा धरलं नाही,' असं नव्या न्यायाधीशांना अजून सांगतात म्हणे. निवृत्तीच्या निरोप समारंभातही एकाने तेच सांगितलं. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, बाई किती नम्र!

नम्र कसली डोंबलाची.

पण आधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही मी घाबरले कशाला. मी मूळची राजकारणातली. भांडुपला वाढले, तिथेच वकिली सुरू केली. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाला एक शिकलेली आणि तोंडाची फटकळ बाई हवी होती. ती मी. निवडून आले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वॉर्डाची 'ताई' झाले — पाण्याची लाइन, तुंबलेलं गटार, बारसं, हळदीकुंकू, सगळीकडे ताई. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पुढच्या निवडणुकीला तिकीट कापलं. मी चिडले, रडले, आणि मग पक्षाचा राजीनामा देऊन पुन्हा वकिलीला लागले. काही वर्षांनी थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा दिली. पास झाले. ताईची मॅडम झाले.

पहिल्या दिवसापासून कुजबुज होतीच. पक्षाची बाई आता न्याय देणार, वा रे वा! मी म्हटलं, दाखवते तुम्हाला. आणि दाखवलं हो. कामात मी चोख होते. हे बढाई म्हणून सांगत नाही. मी काय करू शकत होते ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

मग पक्ष फुटला.

माझा जुना पक्ष. एकाच ताटात जेवलेली माणसं रातोरात एकमेकांची गचांडी धरायला लागली. एक गट सरकारात जाऊन बसला, दुसरा रस्त्यावर आला. कोर्टात चहाच्या वेळेला एखादा सहकारी हसत हसत विचारायचा, "काय मॅडम, तुम्ही कुठल्या गटात?" मीही हसायचे. आणि कप अर्धाच ठेवून उठायचे. माझं एक वाक्य इकडचं तिकडे झालं की लगेच म्हणणार, बघा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सरकारातले म्हणणार ही त्यांची, रस्त्यावरचे म्हणणार ही विकली गेली. झोपेतसुद्धा मी निकाल खोडत असायचे.

अशात तो अर्ज आला.

बोरिवलीला पक्षाचं एक ऑफिस होतं. ते कुणाचं यावरून दोन्ही गट हमरीतुमरीवर आले. रस्त्यावरच्या गटाने ऑफिससमोर सभा ठेवली, सरकारातल्या गटाची माणसं ती उधळायला आली. दगड, खुर्च्या, लाठ्या. त्यात सरकारातल्या गटाच्या एकाचं डोकं फुटलं. पोलिसांनी हाताला लागले त्यांना उचललं आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. त्या उचललेल्यांत एक पास्कल होता.

पास्कल मनोरीचा. मांडव घालायचा त्याचा धंदा. लग्न, सभा, गणपती, चर्चचा सण — ज्याने सुपारी दिली त्याचा मांडव. त्याला राजकारणाशी काय देणंघेणं? सभेचा मांडव घालायला तो तिथे गेला होता, आणि कुणाच्या तरी मोबाइलवरच्या व्हिडिओत त्याच्या हातात बांबू दिसत होता. एवढाच पुरावा. अहो, मांडववाल्याच्या हातात बांबू नाही तर काय गुलाबाचं फूल असणार? पोलिसांच्या स्वतःच्या पंचनाम्यात त्याचा टेम्पो होता, कापड होतं, दोरखंड होता. डोकं फुटलेल्या माणसानेही त्याचं नाव घेतलेलं नव्हतं. त्याच्या वकिलाने अर्जात लिहिलं होतं, मुलीचं लग्न ठरलंय, त्यांच्यात उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नाहीत, ते दिवस लागायच्या आत बाप घरी यायला हवा.

मी कागद आदल्या दिवशी घरी वाचले. सगळे. चहा निवायच्या आत माझा निर्णय झाला होता — याला सोडायचं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

आणि मग मी विचार करायला लागले.

जामीन दिला तर काय म्हणतील? जुन्या पक्षाच्या सभेचा माणूस जुन्या पक्षाच्या बाईने सोडला. सरकार तर डोकं फुटलेल्याच्या गटाचं. माझं पुढे काय होईल? बदली? चौकशी? — बरं, मला कुणाचा फोन आला होता का? नाही. कुणी डोळे वटारले? नाही. कुणी साधा निरोपसुद्धा पाठवला नव्हता. हेच तर मला सांगवत नाही. कुणी घाबरवलं असतं तर आज मी ते तरी सांगितलं असतं. माझी मीच घाबरले.

तुम्ही म्हणाल, मग प्रकरण सोडलंस ते योग्यच की. 'मी पूर्वी या पक्षात होते, म्हणून हे दुसऱ्या कोर्टापुढे ठेवा' — असं सरळ लिहिलं असतं तर हो, योग्यच होतं. पण तसं लिहायचं म्हणजे माझं जुनं कूळ माझ्याच सहीने चव्हाट्यावर आणायचं. मग राजकारणाचा वास असलेलं प्रत्येक प्रकरण माझ्याकडून काढलं जाणार. मला तेही नको होतं. मला खुर्चीही हवी होती, अब्रूही हवी होती आणि संकट तेवढं दुसऱ्याच्या दारात जायला हवं होतं.

म्हणून मी एक लहानसं कारण शोधलं. स्वच्छ, घरगुती कारण. दुसऱ्या दिवशी पुकारा झाला. पास्कलचा वकील उभा राहिला आणि तो तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "आरोपी माझ्या व्यक्तिगत ओळखीचा आहे. हे प्रकरण दुसऱ्या न्यायालयापुढे ठेवावं." लघुलेखकाने टिपून घेतलं. संपलं.

मी पास्कलला ओळखत नव्हते. त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. हा माझा गुन्हा.

मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती, रोझी. मी 'ओळखीचा' म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं असेल, मॅडम आपल्या ओळखीच्या, आता काम झालं! मग शेजारच्या कुणीतरी तिला कानात समजावलं. त्यानंतरचा तिचा चेहरा मी बघितला नाही. मी पुढची फाइल ओढली.

इथेच थांबलं असतं तर मी मनाची काहीतरी समजूत घातली असती. दुसरा न्यायाधीश सोडेल, दोन-चार दिवस इकडेतिकडे. पण तसं झालं नाही. दुसऱ्या कोर्टात सरकारी वकिलाने माझंच वाक्य उचललं. म्हणाला, आधीच्या मॅडम पूर्वी कुठल्या पक्षात होत्या ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आरोपी आपल्या ओळखीचा असल्याचं त्यांनी स्वतः नोंदवलंय. म्हणजे हा साधा मांडववाला नाही, पक्षाचा जुना माणूस आहे. सुटला तर साक्षीदारांवर दबाव आणेल. आणि त्या न्यायाधीशांनी जामीन फेटाळला. तो आदेश मी मागवून वाचला. माझं वाक्य त्यात होतं, जसंच्या तसं.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती, कळतंय ना तुम्हाला? प्रधान न्यायाधीशांची खोली माझ्याच मजल्यावर होती. दार ढकलून आत जायचं आणि म्हणायचं, सर, मी खोटं बोलले. एवढंच. मी एकदा त्या दारापर्यंत गेलेसुद्धा. शिपायाने विचारलं, "आत सांगू का मॅडम?" मी म्हटलं, नको रे, नंतर येते.

नंतर कधी गेले नाही. त्याच सुमारास 'मॅडमनी ओळखीचं प्रकरण सोडलं' अशी एक छोटी बातमीही छापून आली. बहिणीने ती कापून ठेवली. आता कुठल्या तोंडाने बोलणार?

पास्कलची मुलगी बापाशिवाय बोहल्यावर चढली. तारीख पुढे ढकलायला मुलाकडचे तयार नव्हते. पास्कलला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला तेव्हा मुंबईतला लग्नांचा हंगाम सरून गेला होता. पुढे निवडणुका आल्या, दोन्ही गटांचे पुढारी गळ्यात गळे घालून एका व्यासपीठावर बसले. मग साक्षीदारांनाही काही आठवेना, आणि खटला बारगळला. सगळं कसं शांत शांत.

मीही शांत होते. निवृत्त झाले, मुलुंडला राहते, संध्याकाळी चालायला जाते. मग परवाच्या थंडीत भाचीचं लग्न झालं, मनोरीला, एका भाड्याच्या बंगल्यात. मार्व्याहून होडीत बसताना माझ्या मनात आलं, मनोरी म्हणजे पास्कलचं गाव. पण गाव काय, केवढं तरी आहे, म्हटलं.

मांडव त्याचाच होता.

मी त्याला ओळखलं नाही. ओळखणार कशी? त्यानेच मला ओळखलं. पांढरे केस, हातात दोरीचा गुंडा. समोर येऊन उभा राहिला आणि नाव सांगितलं. वाटलं, आता हा चारचौघांत थोबाडीत मारणार. मारायला हवी होती.

तो हसत होता. म्हणाला, "मॅडम, जेलात मी सारखा तोच विचार करायचो. या मॅडम मला कुठून ओळखतात? मग एकदा ध्यानात आलं. भांडुपला तुमचा सत्कार झाला होता, तेव्हाचा मांडव माझा होता. धो धो पाऊस, पण तुमच्या अंगावर एक थेंब नाय पडला. तोच लक्षात राहिला ना तुमच्या?"

माझे सत्कार इतके झाले की हार कुणी घातले तेही मला आठवत नाही, मांडव कुठून आठवणार? पण तो माझ्याकडे बघत होता. तुरुंगात बसून त्याने माझ्या खोट्याला स्वतःच्या हाताने खरं करून ठेवलं होतं, आणि फक्त माझ्या 'हो'साठी थांबला होता.

"हो," मी म्हणाले. "आठवतो की."

त्याला काय आनंद झाला! त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "ए रोझी, ये ना इकडे! मी बोललो होतो ना, मॅडम मला ओळखतात?" रोझी पदराला हात पुसत आली. ती हसली नाही. मला खालपासून वरपर्यंत बघून तिने विचारलं, "ओळखत होतात, मग सोडलं का नाय?"

पास्कल तिच्यावरच खेकसला. "अगं, काय बोलतेस कुणाला? कायदा असतो तो. ओळखीच्या माणसाला सोडता येत नाय त्यांना. दुसरी कोण असती तर सोडून मोकळी झाली असती. या तशा नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका, मॅडम."

रोझी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. कायदा असतो." पास्कलने माझ्यासाठी पुढच्या रांगेतली एक खुर्ची फडक्याने पुसून दिली, आणि मी तिच्यावर बसले.