शेगडीला झालेली सर्दी

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी भिंगबाई म्हणत. शिवून आलेला प्रत्येक शर्ट उलटा करून बघायचा, शिवण ताणायची, बटण ओढायचं, हे तिचं काम. बारा वर्षांत ते इतकं अंगात मुरलं होतं की कुणाकडे जेवायला गेली तरी यजमानीणबाईंच्या पडद्यांचा काठ उलटून बघायची. दुसरी खोड मात्र जन्मापासूनची. दुसऱ्याचं बरं झालेलं तिला पचत नसे. आईने धाकटीची वेणी आधी घातली की ही दिवसभर केस मोकळे सोडून फिरे. कारखान्यात कुणाला बढती मिळाली की हिचं डोकं दुखे, आणि ते खरोखरच दुखे.

पण नवऱ्याचा हेवा? त्याच्यात हेवा करण्यासारखं होतं काय! लिफ्ट दुरुस्त करणारा साधा माणूस, टेकला की घोरणारा, आणि अंगाने इतका गरम की ऐन थंडीतही ती त्याला पलंगाच्या कडेला ढकलायची. "सरका तिकडे, शेगडी नुसती!"

मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली, चौदाशे ग्रॅमची. बापाने बघताक्षणी तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली. दोन आठवडे काचेच्या पेटीत गेले. मग वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी सांगितलं, आता रोज काही तास आईने नाहीतर बाबांनी तिला उघड्या छातीवर घ्यायचं. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट, वरून दोघांना मिळून कापड गुंडाळायचं आणि गप्प बसायचं. एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, ती आपण द्यायची.

पहिला मान अर्थातच आईचा. चिमटी तासभर चुळबुळत राहिली. काखेत थर्मामीटर लावला तर छत्तीस पॉइंट तीन; हवं साडेछत्तीसच्या वर. मग बाप बसला. दहा मिनिटांत बापलेक दोघंही गाढ. दोन तासांनी सिस्टरनी बघितलं, छत्तीस पॉइंट नऊ.

"वा बाबा! तुम्ही आमच्या मशीनच्या पोटावर पाय आणणार."

"हिला विचारा," तो डोळे न उघडता म्हणाला. "लग्न झाल्यापासून शेगडी म्हणते मला."

सगळा वॉर्ड हसला. तीही हसली, पण दात आवळून. पोटात वाढवली कुणी? टाके कुणाला पडले? दर तीन तासांनी थेंब थेंब दूध पिळून काढतं कोण? आणि शाबासकी कुणाला, तर नुसतं आडवं पडून घोरणाऱ्याला!

पुढचे चार दिवस हेच. तिच्याकडे चिमटी जागी, त्याच्याकडे झोपलेली. पाचव्या दिवशी तिने सिस्टरला हळूच सांगितलं, "ह्यांना सर्दी झालीय हो. शिंकतायत सारखे."

"मग आत पाऊल टाकायचं नाही. सर्दी पूर्ण जाईपर्यंत नाही."

नवऱ्याला तिने वेगळंच सांगितलं. वॉर्डात एका बाळाला इन्फेक्शन झालंय, पुरुषांना सोडत नाहीत. तो बिचारा डबा घेऊन फाटकाशी यायचा आणि विचारायचा, "झोपली का गं?" ती म्हणायची, "झोपते की. माझ्याजवळ छान झोपते."

कुठली झोपते! भिंगबाई एकसारखी कापडाची कड वर करून बघत होती. मिटले का डोळे? त्याच्याकडे मिटतात तसेच मिटले का? दर पाच मिनिटांनी गार वारा आत जायचा, चिमटी दचकून हात पसरायची. तिसऱ्या दिवशी दुपारी थर्मामीटरने छत्तीस पॉइंट एक दाखवलं. तळपाय गारठले होते. वजन वीस ग्रॅमने उतरलं होतं. सिस्टरनी तिला उचलून पुन्हा काचेच्या पेटीत ठेवलं.

"सारखं झाकण काढून बघितलं तर काय शिजणार, आई? गार पडली, झोप मोडली, की पाजलेलं सगळं ऊब तयार करण्यातच जातं तिचं. अंगाला काय लागणार? बाबांची सर्दी कधी जातेय?"

ती काचेपाशी उभी राहिली. आत चिमटीची हनुवटी थरथरत होती. मग ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिने फोन लावला.

"या तुम्ही. सर्दी गेली असं सांगते."

"कुणाची?"

"तुमची."

"मला कधी सर्दी झाली होती?"

"मी सांगितलं होतं सिस्टरना. आणि इन्फेक्शन कुणालाच झालेलं नाही. ती माझ्याकडे झोपत नाही. गार पडली आज. पुन्हा पेटीत ठेवलंय."

पलीकडे कुठलीतरी लिफ्ट खडखडत थांबली.

"हात धुऊन निघतो," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आला तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शर्ट काढून खुर्चीत मागे रेलला. ती सिस्टरसमोर जाऊन उभी राहिली.

"ह्यांना सर्दी नव्हती. मी खोटं बोलले."

सिस्टरनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हे वजनाच्या काट्याला सांगा. मला काय सांगता," म्हणाल्या आणि चिमटीला त्याच्या छातीवर ठेवून कापड आवळलं.

तासाभराने छत्तीस पॉइंट सात. चिमटी झोपली होती. तो मात्र आज जागा होता.

"अगं," खूप वेळाने तो छताकडे बघत म्हणाला, "झोपेत हिचा श्वास लागतो छातीला. कोमट. तुला लागतो का?"

"न लागायला काय झालं!" ती फटकन म्हणाली. मग तिचा चेहराच पडला. "नाही. मला नाही लागला कधी."

त्याने टोपी चिमटीच्या कानांवर नीट ओढली. तिने सिस्टरकडे वळून विचारलं, "माझी पाळी कधी?"

"पाच वाजता. तिचं अंग गरम राहिलं तर."

"चार नाही का चालणार?"

"अहो, मुलगी आहे ती, नळावरची रांग नव्हे! पाच."

"बरं, पाच. पण पाच म्हणजे पाच. ह्यांचा डोळा लागला असला तरी उठवायचं ह्यांना."